हातातला बूट

एका माणसाचं दुःख दाखवलं तर लोक पैसे देतात, शंभर जणांचं दाखवलं तर सल्ला देतात. हे वाक्य पाझरबाईंचं. परिषदांमधून, प्रशिक्षणांमधून त्यांनी ते इतक्या वेळा ऐकवलंय की आता त्यांच्या धंद्यातली पोरंसोरंही ते स्वतःचं म्हणून ऐकवतात. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाई एकोणीस वर्षांच्या होत्या. ज्या एका माणसाचं दुःख दाखवायचं होतं, तो त्यांचा सख्खा धाकटा भाऊ होता.

पाझर हे नाव मी ठेवलेलं. दगडाला पाझर फोडतील अशी बाई, एवढाच त्याचा अर्थ. ऑफिसात ते चिकटलं, त्यांच्या कानावर गेलं, आणि त्यांना ते आवडलं. बदल्यात त्यांनी मला टपालराव केलं, कारण मी त्या संस्थेत पत्रं लिहितो, आता तीस वर्षं झाली. देणगी मागणारी, देणगी मिळाली की आभार मानणारी, आणि बंद झाली की 'आपली फार आठवण येते' म्हणणारी. पोटासाठी कुणी लोकांची डोकी भादरतो, कुणी दात उपटतो. मी लोकांना रडवतो.

संस्था बुद्धीची वाढ थांबलेल्या मुलांची. एका डॉक्टरांनी आपलं राहतं घर देऊन ती काढली होती. घराला मागे दोन खोल्या जोडून, मग चार, मग एक मजला चढवून ती वाढत गेली. बाईंची आई तिथे स्वयंपाकाला होती. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. एक दिवस दुकान उघडायला म्हणून निघाला तो आजतागायत निघालेलाच आहे. पदरात पंधरा वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा राजा. राजाला सगळे मिळून चाळीसेक शब्द यायचे आणि आठवड्यातून एखादी फिट. डॉक्टर म्हणाले, तुम्ही स्वयंपाक करा, हा इथे राहील. तो व्यवहार तोंडी झाला. त्या काळी डॉक्टरांच्या शब्दाला किंमत होती आणि कागद महाग होता.

मुलगी हुशार. कोठाराच्या दारात बसून अभ्यास करायची, आणि आईने कांदे मोजून मागितले तर बघता बघता मोजून द्यायची. शाळा संपल्यावर डॉक्टरांनी तिला ऑफिसात माझ्या समोरच्या टेबलावर बसवलं. तेव्हा मी तिला 'अगं' म्हणायचो. डॉक्टर दर वर्षी देणगीदारांना एक पत्र पाठवायचे: खाटा किती, मुलं किती, औषधं किती, कळावे. पत्र वाचून लोकांना झोप यायची. तिने ते दोन बोटांत धरून उचललं आणि मला म्हणाली, "याच्यात माणूस कुठेय?"

मग तिने फोटो आणला. राजा, वय वर्षं नऊ, बाकावर बसलेला. डाव्या पायात नुसता मोजा, डावा बूट हातात, आणि नजर वर, कॅमेऱ्याकडे. त्याखाली तिने लिहिलं: 'याला दुसरा बूट कुणीतरी घालून द्यावा लागतो. ते कुणीतरी आपण व्हाल का?'

त्या वर्षी जिथे चार पाकिटं यायची तिथे पोतं आलं. डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले. वरचा मजला त्या एका बुटावर चढला.

आता खरं सांगतो. राजाला बूट घालता येत होता. दोन वर्षं खपून शिक्षिकेने त्याला तो शिकवला होता, नाडीच्या गाठीसकट. फोटोत तो बूट घालत नव्हताच. काढत होता. पायाला चावत होता तो.

त्याच्या आईने हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं होतं. पत्र छापून आलं तेव्हा ओल्या हातानेच ऑफिसात आली. म्हणाली, "अगं, येतं की त्याला. एवढी एकच गोष्ट येते बिचाऱ्याला. तीच येत नाही म्हणून कशाला सांगतेस?"

"आई, येतं म्हटलं तर देईल कोण?"

आई पदराला हात पुसत स्वयंपाकघरात परत गेली. तिचा पगारही त्याच पोत्यातून यायचा.

पैसे देणारी माणसं मग मुलाला बघायला येऊ लागली. पहिल्याच खेपेला एका कारखानदाराची बायको राजासमोर गुडघे टेकून बसली, त्याच्या पायात बूट चढवला, आणि जाताना नवऱ्याला सांगून वर्षाचं धान्य लावून गेली. आमच्या मुलीने ते दारातून पाहिलं. म्हणाली, "टपालराव, लिहून ठेवा. जो बूट घालून देतो, तो आयुष्यभर देतो."

त्या दिवसापासून राजाची नवी शिकवणी सुरू झाली. चांगल्या कपड्यातला माणूस आला की बाकावर बसायचं. डावा बूट काढायचा. हातात धरून वर बघायचं. पाहुणा म्हणाला 'घाल बाळा', तरी घालायचा नाही. पाहुणा स्वतः वाकून घालीपर्यंत थांबायचं. घातला की म्हणायचं, "आभारी आहे. पुन्हा या." मग चॉकलेट. शिक्षिकेला बूट घालायला शिकवायला दोन वर्षं लागली होती. बहिणीने न घालायला तीन आठवड्यांत शिकवलं. चाळीस शब्दांतले चार त्यात गेले, पण ते त्याने इतके स्वच्छ म्हटले की डॉक्टरही चकित झाले.

मला वाईट वाटलं का? वाटलं. दुपारपर्यंत. दुपारनंतर मला आभाराची दोनशे पत्रं लिहायची होती.

सहा वर्षांनी ती आमच्याकडून गेली. आधी एका इस्पितळासाठी, मग आंधळ्यांच्या शाळेसाठी, मग असल्या दहा ठिकाणी तिने पैसा उभा केला. देणगीदारांचे तिने तीन वर्ग पाडले होते: रडणारे, मिरवणारे आणि घाबरणारे. रडणाऱ्याला फोटो पाठवायचा, मिरवणाऱ्याला भिंतीवर पाटी लावून द्यायची, आणि घाबरणाऱ्याला, म्हणजे ज्याला म्हातारपणी वरच्या हिशोबाची धास्ती लागलीय त्याला, नुसतं भेटायला जायचं आणि तब्येत विचारायची. पस्तिशीत तिने स्वतःची सल्लागार कंपनी काढली. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या, मध्ये काचेची भिंत, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या. दारावर 'धोरण सल्लागार' अशी पाटी. त्या पाटीपासून माझं 'अगं' सुटलं आणि 'अहो, मॅडम' सुरू झालं. पुढचं त्याच मानाने सांगतो.

बाई कामाला वाघ होत्या, हे नाकारून चालणार नाही. बुडायला आलेल्या संस्था त्यांच्याकडे यायच्या आणि तरून जायच्या. फक्त तरताना कुणाला तरी पाण्यात सोडावं लागायचं. "संस्था वाईट माणसांमुळे बुडत नाहीत," बाई म्हणायच्या, "चांगल्या माणसांना 'नाही' म्हणता येत नाही, म्हणून बुडतात." मग बाई त्यांच्या वतीने 'नाही' म्हणून द्यायच्या आणि त्याची फी घ्यायच्या. एका वृद्धाश्रमाला त्यांनी अंथरुणाला खिळलेले म्हातारे घेणं बंद करायला लावलं; चालते म्हातारे पाहुण्यांना बागेत दाखवता येतात. वृद्धाश्रम आज झकास चाललाय.

इकडे आमच्या पत्रावर राजाचाच फोटो. दोनदा नवी मुलं लावून पाहिली. निम्म्या लोकांना नव्या मुलाचं पत्र, निम्म्यांना राजाचं, अशी परीक्षा घेतली. दोन्ही वेळा राजा दुपटीने जिंकला. "चालतोय तो चेहरा बदलायचा नाही," बाईंनी फोनवरून सांगितलं. त्यामुळे राजा वीस वर्षांचा झाला तरी पत्रात नऊ, तीस झाला तरी नऊ. एका देणगीदाराने खरमरीत पत्र पाठवलं: 'अकरा वर्षांत या मुलाला एक बूट घालायला शिकवता आलं नाही? आपण तिथे नेमकं करता काय?' मी घाबरून बाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हा पत्र नीट वाचतो. वाचणारा देतो. भेटायला जा." मी गेलो. त्याने दुप्पट दिली.

लोक बूटही पाठवायचे. नऊ वर्षांच्या मुलाच्या मापाचे, नवे कोरे, रंगीत नाड्यांचे. कपाटं भरली. राजाचा पाय तोवर माझ्यापेक्षा मोठा झाला होता, आणि त्याच्या पायात ड्रायव्हरने टाकलेले जुने काळे बूट असायचे.

पाहुण्यांच्या दिवशी त्याला धुलाईच्या खोलीत बसवायचे. ज्या चेहऱ्यासाठी माणसं यायची तो चेहरा आता खुंटं वाढलेला, समोरचे दोन दात पडलेला होता. तो त्यांच्या दृष्टीस पडला असता तर सगळंच मुसळ केरात. राजा तिथे टॉवेलांच्या घड्या घालायचा. घड्या नीट यायच्या त्याच्या. पण कधी वीजमंडळाचा साहेब टाय लावून मीटर बघायला मागच्या दाराने आला, की राजा टॉवेल खाली ठेवायचा, बसायचा आणि बूट काढायचा. साहेब बिचारा गोंधळून मीटर न बघताच जायचा.

डॉक्टर गेले. पाठोपाठ बाईंची आई अंथरुणाला खिळली. शेवटच्या आठवड्यात तिने मुलीचा हात धरून, माझ्यादेखत सांगितलं, "त्याला इथून हलवू नकोस. त्याला दुसरीकडचं काही कळायचं नाही." बाई म्हणाल्या, "नाही हलवणार." मी साक्षीदार आहे. पण साक्षीदाराला कुणी विचारलं तर तो साक्षीदार.

डॉक्टरांमागे विश्वस्तांच्या हातून संस्था घसरत गेली. शेवटी त्यांनी बाईंना बोलावलं, रीतसर फी देऊन. बाई तीन महिने आल्या, सगळ्यांशी बोलल्या, खाटा मोजल्या. या काळात राजाला त्या दोनदा भेटल्या, दोन्ही वेळा साध्या कपड्यांत, रविवारी. तेव्हा त्याने बूट काढला नाही. 'ता' म्हणाला. 'ताई'मधला एवढाच त्याला यायचा.

अहवाल माझ्याकडे भाषा तपासायला आला. अठ्ठेचाळीस पानं. एकतिसाव्या पानावर लिहिलं होतं: संस्थेने आपलं काम अठरा वर्षांखालील मुलांपुरतं मर्यादित करावं; देणगीदार मुलांसाठी देतात, प्रौढांसाठी नाही; सध्याच्या तेवीस प्रौढांना कुटुंबाकडे किंवा सरकारी निवासात पाठवावं. राजा चौतीस वर्षांचा होता. त्याचं कुटुंब म्हणजे अहवाल लिहिणारी बाई.

मी चार जिने चढून त्यांच्या ऑफिसात गेलो. त्यांनी मला चहा मागवला.

"मॅडम, पान एकतीस."

"हं. काही व्याकरण?"

"त्यात राजा येतो."

"तेवीस जण येतात, टपालराव. तुम्हाला एकच दिसतोय."

"ते तुम्हीच शिकवलंत."

त्या हसल्या. खरंच हसल्या, कौतुकाने. मग काचेपलीकडच्या पोरींकडे बघत म्हणाल्या, "बोला. काय करू?"

"एक ओळ घाला. आत्ता राहणाऱ्यांना हे लागू नाही म्हणून."

"मग तेवीसच्या तेवीस राहिले. पुढची वीस वर्षं. तोवर संस्था राहील?"

"बरं, मग फक्त राजासाठी."

"म्हणजे सल्लागाराच्या भावाला सूट. उद्या कोणती संस्था मला दारात उभी करेल? आणि बाकीच्या बावीस आयांना काय सांगू, तुमची पोरं परकी म्हणून?"

"आईला शब्द दिला होतात."

"दिला होता." त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "मरणाऱ्या माणसाला कुणी 'नाही' म्हणतं का?"

"मग घरी न्या त्याला."

"महिन्यातले वीस दिवस मी गावाला असते. कुणाच्या भरवशावर ठेवू? तुमच्या?"

मी कपाकडे पाहिलं. माझं घर तीन खोल्यांचं, बायकोचा स्वभाव कडक, आणि मी काही संत नव्हे. तेवढ्यात बाई हळूच म्हणाल्या, "पान चाळीस वाचलंत ना?"

वाचलं होतं. सगळ्यात आधी तेच वाचलं होतं. 'पत्रव्यवहाराची जागा कायम ठेवावी,' असं तिथे लिहिलं होतं. मी चहा संपवला आणि घरी आलो.

एक अहवाल मंजूर व्हायला कधी कधी वर्ष जातं. हा एका बैठकीत झाला. पुढच्या दीड महिन्यात बावीस जण गेले. सरकारी निवासाची गाडी राजासाठी एका मंगळवारी सकाळी यायची होती, आणि नातेवाइकाने येऊन सही करणं भाग होतं. बाई आल्या. दहा वाजता त्यांची एका मोठ्या फाउंडेशनकडे भेट ठरलेली, म्हणून त्या कामाच्या कपड्यांत होत्या: राखाडी कोट, उंच टाचा, गळ्यात रुमाल.

जेवणघरात मी होतो, शिक्षिका होती, गाडीचा ड्रायव्हर होता. राजा त्याची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. दोन शर्ट आणि एक टॉवेल. टॉवेलाची घडी त्याने स्वतःच घातली होती. बूट शिक्षिकेने सकाळीच पॉलिश करून दिले होते आणि ते त्याने स्वतः, गाठ मारून, घातले होते. बाई दारातून आत आल्या. राजाने कोटाकडे पाहिलं. पिशवी बाजूला ठेवली, वाकून डाव्या बुटाची नाडी सोडली, बूट काढला, हातात धरला आणि वर पाहिलं.

अगदी फोटोतल्यासारखं. पंचवीस वर्षांनी. फक्त दाढी होती.

"राजा," बाई म्हणाल्या, "मी आहे. घाल तो बूट."

तो हलला नाही.

"राजा, ताई आहे मी. घाल, बाळा."

पाहुणा 'घाल बाळा' म्हणाला तरी घालायचा नाही. तो ढिम्म. उलट त्याने बूट थोडा पुढे केला, म्हणजे नीट दिसावा. ड्रायव्हर घड्याळ बघत म्हणाला, "बाई, उशीर होतोय." शिक्षिका भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी तिथेच होतो. मीही वाकू शकलो असतो. पण मला बघायचं होतं. कबूल करतो, मला बघायचंच होतं.

बाईंनी कोट आवरला आणि त्या फरशीवर गुडघे टेकून बसल्या. त्याच्या मोज्यातलं बोट बाहेर आलं होतं, ते त्यांनी आत सारलं. बूट चढवला. नाडीची गाठ त्यांना दोनदा मारावी लागली. बूट पायात बसला तसं राजाचं तोंड उजळलं. त्याने मान लववली आणि स्पष्ट म्हणाला, "आभारी आहे. पुन्हा या."

आणि चॉकलेटसाठी हात पुढे केला.

बाईंच्या पर्समध्ये चॉकलेट नव्हतं. त्यांनी सगळे कप्पे उघडून पाहिले. पेन निघालं, किल्ल्या निघाल्या, कार्डं निघाली. राजा हात पुढे धरूनच गाडीत बसला. बाईंनी फॉर्मवर सही केली, आणि दहाच्या भेटीला वेळेत पोचल्या. फाउंडेशनचं काम त्यांना मिळालं.

सरकारी निवासात त्या एकदा जाऊन आल्या. परत कधी गेल्या नाहीत. मी एकदा फोनवर विचारलं, तर म्हणाल्या, "मी दिसले की तो नुसता खाली पायाकडे बघत बसतो."  मग त्यांनीच विचारलं, "यंदाच्या पत्राचं काय?"

"राजा आता इथे नाही. फोटो बदलायचा का?"

"चालतोय ना?"

"चालतोय."

"मग कशाला विचारता?"

राजाला हलवल्यावर सातव्या महिन्यात एका दुपारी ऑफिसातला फोन वाजला. सरकारी निवासातून होता. फॉर्मवर नातेवाइकाच्या फोनच्या जागी बाईंनी आमच्या ऑफिसचा नंबर लिहिला होता, हे मला तेव्हा कळलं. पलीकडचा कारकून माझ्याच जातकुळीचा, आवाजात काही नसलेला. म्हणाला, पहाटे फिट आली, गेला. मग यादी वाचली: शर्ट दोन, टॉवेल एक, काळे बूट एक जोड. "बूट स्टोअरमध्येच आहेत, आला त्या दिवसापासून. नाडीचे बूट इथे वापरू देत नाही. सगळे अनवाणी. घेऊन जा."

माझ्यासमोर पत्रांचे गठ्ठे होते, पाकिटं चिकटवून तयार, प्रत्येकात राजा बूट हातात धरून बसलेला. मी बाईंना फोन लावला.

"अगं," मी म्हणालो. दहा वर्षांनी तोंडातून ते निघालं. "अगं, राजा गेला."

 मग त्यांनी विचारलं, "पत्रं गेली?"

"उद्या जातील."

"जाऊ देत."  मग आवाज बदलला, इतका की मला वाटलं दुसऱ्याच कुणी फोन घेतलाय. "टपालराव, त्याच्या पायात काय होतं?"

तीस वर्षं मी गोड खोटं लिहून पोट भरलं. कुणालाही, काहीही, डोळ्यांत पाणी येईल असं लिहून देऊ शकतो. त्या क्षणी दोन शब्द पुरले असते. बूट होते.

"काही नाही," मी म्हणालो. "तिथे बूट पहिल्याच दिवशी काढून घेतात. तू गेलीस तेव्हा त्याच्यापाशी काढायला काही नव्हतं, म्हणून तो पायाकडे बघत होता."

त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. त्यांचं रडणं मी शेवटपर्यंत ऐकलं, आणि मग उरलेल्या पाकिटांवर तिकिटं लावायला घेतली. पत्रं दुसऱ्या दिवशी दुपारी टपालात पडली.